एकदा दिलेली परवानगी

(मंडळाच्या अभ्यासिकेत विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संगणकावर बोलण्यासाठी मंडळाने आमचे नाव सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण बी. ए., तेही मराठी विषय घेऊन. संगणकशास्त्राची एक ओळही आम्ही वर्गात बसून शिकलेलो नाही. पण कार्यकारिणीचे म्हणणे असे पडले की, इंजिनियर बोलला तर मुलांना समजेल, आयांना समजणार नाही. आणि फसवणूक होते ती आयांच्याच फोनवर. हे म्हणणे आम्हाला पटले, कारण ते आम्ही काउंटरवर बसून डोळ्यांनी पाहिले आहे.

विषय तसा छोटा आहे. फोनवर किंवा संगणकावर आपण इंटरनेट ज्या खिडकीतून पाहतो तिला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांची नावे. या ब्राउझरमध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या, म्हणजे प्रत्येक साइटच्या नावाने परवानग्यांची वेगळी नोंद असते. कोणाला आपला कॅमेरा दिला, कोणाला आपला ठावठिकाणा दिला, कोणाला आपल्या फोनवर सूचना पाठविण्याची मुभा दिली, हे सर्व तेथे लिहिलेले असते. लिहिणारे आपणच असतो. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांनी ती नोंद कधी उघडून पाहिली आहे? हात वर करा असे आम्ही म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही स्वतःही पाहिली नव्हती.

आमचे डोळे उघडले ते याच अभ्यासिकेतल्या संगणकामुळे. स्पर्धा परीक्षेचे दिवस होते आणि संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एकामागून एक पाट्या येऊ लागल्या. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत.' 'तुमचे बक्षीस पडून आहे.' मधूनच मान खाली घालावी अशी चित्रे. मुलींनी त्या संगणकावर बसणे सोडून दिले. एकीच्या वडिलांनी तर तिला अभ्यासिकेतच पाठवणे बंद केले. आम्ही दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल, दीड हजार रुपये होतील, आणि आतला काही मजकूर गेला तर आमच्यावर येऊ नका. मंडळाच्या वर्गणीतून ते दीड हजार देण्याचे ठरलेही होते.

तेवढ्यात बारावीतल्या एका मुलीने खुर्ची ओढली. तिने ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन साइट सेटिंग्ज उघडल्या, त्यातले 'सूचना' हे पान काढले, आणि आम्हाला यादी दाखविली. अकरा साइटना सूचना पाठविण्याची परवानगी दिलेली होती. त्यातल्या एकीचेही नाव आमच्यापैकी कोणी ऐकलेले नव्हते. तिने अकराही नावे काढून टाकली. पाट्या थांबल्या. दहा मिनिटांचे काम. व्हायरस नव्हताच.

मग ती परवानगी दिली कोणी? चौकशी केली तेव्हा कळले की जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना मुले एका साइटवर गेली होती. तेथे लिहिले होते, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या दाबा.' मुलांनी दाबले. वास्तविक ते बटण रोबोट ओळखण्याचे नव्हतेच. ब्राउझर विचारत होता, या साइटला तुम्हाला सूचना पाठवू देऊ का? आणि साइटने त्याच्या शेजारी स्वतःचे खोटे वाक्य छापले होते. प्रश्न एकाचा, अर्थ सांगणारा दुसरा. कागदावर सही घेताना मजकुरावर हात ठेवून 'इथे करा, इथे' म्हणणारी माणसे आपण पाहिली आहेत. हा प्रकार तोच.

अशा सूचना पाठविण्याची सोय क्रोममध्ये एप्रिल २०१५ मध्ये आली. हेतू चांगला होता. टपाल आले, निकाल लागला, रेल्वेचे तिकीट पक्के झाले, हे साइट उघडी नसतानाही कळावे. पण पुढे जो तो परवानगी मागत सुटला. फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिला संस्थेने डिसेंबर २०१८ च्या अखेरीपासून जानेवारी २०१९ पर्यंत एक महिनाभर आपल्या चाचणी आवृत्तीत मोजदाद केली. सूचनांची परवानगी मागणारे सुमारे १ कोटी ८० लाख प्रश्न वापरणाऱ्यांपुढे आले, आणि शंभरात तीन वेळासुद्धा होकार मिळाला नाही. त्यानंतर जानेवारी २०२० पासून फायरफॉक्सने असा प्रश्न आपण होऊन पुढे करणे बंद केले. वापरणाऱ्याने आधी त्या साइटवर काही दाबले असेल तरच तो येतो. पाठोपाठ क्रोमनेही प्रश्न हळू आवाजात विचारण्याची सोय केली. आता सरळ मागून मिळत नाही, म्हणूनच रोबोटचे सोंग, असे आमचे मत आहे.

हे सर्व कोणी म्हणेल त्रासाचे आहे, पण यात नुकसान काय? नुकसान सांगतो.

आमच्या काउंटरवर एक भगिनी आल्या. चार घरची कामे करतात. फोनवर पाटी आली होती की, केवायसी न केल्यामुळे तुमचे खाते आज बंद होईल. त्यांनी पाटी दाबली, बँकेसारखे दिसणारे पान उघडले, त्यात कार्डाचा क्रमांक भरला, मग ओटीपी भरला. एकोणीस हजार रुपये गेले. मुलाच्या कॉलेजची फी होती ती. हे आदल्या दिवशी सकाळी घडले होते आणि त्या आमच्यापुढे दुसऱ्या दिवशी दुपारी उभ्या होत्या, कारण मधला दिवस कामावरून सुटी मिळाली नव्हती. आम्ही विचारले, अनोळखी लिंक उघडली होती का? त्या पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिल्या, "दादा, मी काहीच उघडलं नाही. बँकेनंच मला कळवलं."

त्या खोटे बोलत नव्हत्या. एसएमएस नव्हता, व्हॉट्सअॅप नव्हते. पाटी फोनच्या कपाळावर आली होती, जशी बॅटरी संपत आल्याची पाटी येते. फोनच बोलतो आहे असे त्यांना वाटले. त्या पाटीत साइटचे नाव बारीक अक्षरात असते, पण ते वाचायचे असते हे त्यांना कोणी सांगितले होते? आम्ही त्यांच्यासमोरच १९३० या क्रमांकावर फोन लावून दिला. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर तक्रारीसाठी केंद्र सरकारने ठेवलेला तो क्रमांक आहे, आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी पुढे गेलेली रक्कम अडवण्याची आशा असते. इथे दीड दिवस गेला होता. रक्कम परत आली नाही.

त्या साइटला परवानगी कोणी दिली होती? त्यांनी नव्हे. त्यांच्या मुलाने नंतर आम्हाला सांगितले की, काही महिन्यांपूर्वी त्याने त्याच फोनवर कोठल्याशा साइटवर फुकट क्रिकेटचा सामना पाहिला होता आणि मध्ये काहीतरी दाबले होते. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. आपल्याकडे घरात फोन एक असतो आणि त्यावर बोटे पाच जणांची फिरतात. मुलाने दिलेली परवानगी आईलाही लागू होते. सामना संपला, मूल विसरले, साइट विसरली नाही.

आता हे आत कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की बाकीचे आपोआप कळते.

बँकेत प्रत्येक खातेदाराचे खाते वेगळे असते. एकाच्या खात्यातले दुसऱ्याला दाखवायचे नाही, हा पहिला धडा. ब्राउझरचाही पहिला धडा हाच. १९९५ मध्ये नेटस्केप नावाच्या तेव्हाच्या प्रसिद्ध ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम आला, आणि आजचे सगळे ब्राउझर त्यावरच उभे आहेत. एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटच्या पानात डोकावायचे नाही. साइट एकच की वेगवेगळ्या, हे ठरते पत्त्याच्या तीन भागांवरून: सुरुवातीचे एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस, मग साइटचे नाव, आणि मग पोर्ट नावाचा एक क्रमांक, जो बहुधा दिसतही नाही. तिन्ही जुळले तर खाते एक, एखादा भाग बदलला तर खाते वेगळे. परवानग्याही याच खात्यावर लिहिल्या जातात. म्हणून आपल्या बँकेच्या साइटला दिलेली परवानगी तिच्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइटला मिळत नाही. रंग, चिन्ह, मोठ्या साहेबांचा फोटो, यातले ब्राउझर काही बघत नाही, पत्ता बघतो. आपण नेमके उलटे करतो.

याच गुणाचा एक फायदा घ्यावा. पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन केलेला असेल तर तो फक्त त्याच पत्त्यावर आपोआप भरला जातो. एखाद्या दिवशी बँकेच्या पानावर तो भरला गेला नाही, तर लगेच हाताने टाइप करू नका. आधी पत्ता वाचा.

परवानगीच्या तीन अवस्था असतात: अनुमती, अडवणूक, आणि दर वेळी विचारणे. आमच्या मते कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशन यांसाठी दर वेळी विचारणे हीच योग्य अवस्था. हल्ली क्रोममध्ये 'फक्त या वेळी' अशीही अनुमती देता येते. साइट बंद केल्यावर ती फार काळ टिकत नाही. जेथे तो पर्याय दिसेल तेथे तोच दाबावा. सूचनांच्या बाबतीत आम्ही त्याहून कडक आहोत. कोणत्याही साइटने सूचनांची परवानगी मागूच नये, असे बटण सेटिंग्जमध्ये आहे, आणि आमच्या आईच्या फोनवर आम्ही ते तसेच ठेवले आहे. तिचे काही अडलेले नाही.

मात्र नकारसुद्धा वहीत लिहिला जातो, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. आमच्याच वस्तीतील एका मुलाची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. शर्ट इस्त्रीचा, मागे स्वच्छ भिंत, सगळी तयारी. कॅमेरा सुरू होईना. फोन बंद करून चालू केला, नेट बदलले, मित्राला हाक मारली. दहा मिनिटे गेली. समोरच्या साहेबांनी थांबून घेतले म्हणून मुलाखत झाली. नंतर पाहिले तेव्हा कळले की, आदल्या रात्री त्याच साइटवर चाचणी घेताना त्याने घाईत 'ब्लॉक करा' दाबले होते. ब्राउझरने त्याचा शब्द मानला आणि दुसऱ्या दिवशी विचारलेही नाही. अशा वेळी पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर बोट ठेवावे, त्या साइटच्या परवानग्या उघडतात. तेथे कॅमेरा पुन्हा चालू करून पान नव्याने उघडावे. आणि दारे दोन असतात, हेही लक्षात घ्यावे. फोनने ब्राउझरला कॅमेरा दिला आहे का, हे पहिले. ब्राउझरने साइटला दिला आहे का, हे दुसरे. दोन्ही उघडी असतील तरच चेहरा दिसतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी हे तपासावे, त्या दिवशी नव्हे.

आता कुलपाविषयी. आमच्या बँकेतही ग्राहकांना अनेक वर्षे सांगितले गेले की पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे साइट सुरक्षित. आम्ही स्वतः सांगितले आहे. ते अर्धवट होते. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कोणी चोरून वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. एचटीटीपीएससाठी लागणारे प्रमाणपत्र गेली काही वर्षे विनामूल्य मिळते आणि भामट्यालाही मिळते. चोराशी बंद खोलीत केलेले बोलणे गुप्त राहते, एवढेच. गुगलने २०२१ मध्ये संशोधन केले तेव्हा कुलपाचा नेमका अर्थ पाहणीतल्या अवघ्या ११ टक्के लोकांना ठाऊक होता. शेवटी सप्टेंबर २०२३ पासून क्रोमने संगणकावरील कुलपाचे चित्रच काढून तेथे सेटिंग्जचे चिन्ह आणले, ज्यावर दाबले की त्या साइटच्या परवानग्या दिसतात. आम्हाला हा बदल योग्य वाटला.

मग बँक खरी की खोटी हे ओळखायचे कसे? पत्ता वाचून. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा शेवट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. पण वाचताना पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे. पत्त्याच्या मध्येच कोठेतरी बँक, इन असे शब्द आहेत आणि रेघेच्या आधी डॉट कॉम किंवा आणखी काही आहे, तर ती बँक नव्हे. नाव मध्ये कोणीही घुसडू शकतो. शेवट विकत मिळत नाही.

कुकीविषयी मुले विचारतात म्हणून दोन शब्द. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी ती युक्ती काढली, साइटला आपला ग्राहक ओळखता यावा म्हणून. ज्या साइटवर आपण गेलो तिची कुकी ठीक. पण त्याच पानावर जाहिरात लावणाऱ्या तिसऱ्याच कंपनीची कुकी आपला माग या साइटवरून त्या साइटवर काढत राहते. सफारीने मार्च २०२० पासून अशा तिऱ्हाइताच्या कुकी पूर्ण अडवल्या, फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटची बरणी वेगळी केली. क्रोमने २०२० मध्ये त्या बंद करण्याची घोषणा केली होती, ती २०२४ मध्ये मागे घेतली. म्हणजे क्रोममध्ये ते बटण आपल्यालाच दाबावे लागते. जाहिरातीवर कोणाचे पोट आहे हे पाहिले की कारण शोधावे लागत नाही.

एक्स्टेंशन मात्र जास्त धोक्याचे. ब्राउझरला जोडलेल्या या छोट्या सोयी अनेकदा 'सर्व साइटवरील तुमचा सर्व मजकूर वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतात. म्हणजे आताच सांगितलेली खात्याखात्यांमधली भिंत यांना लागूच नाही. शाखेची किल्लीच त्यांच्या हाती. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचे एक एक्स्टेंशन होते. चांगले होते, लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्याला दिले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते घातक ठरवून काढून टाकावे लागले. वापरणाऱ्यांनी परवानगी दिली होती एका माणसाला. ती चालू राहिली दुसऱ्याच्या हाती. बँकेत मुखत्यारपत्र असे आपोआप दुसऱ्याच्या नावावर गेलेले आम्ही तरी पाहिले नाही. ज्या एक्स्टेंशनचे काम नाही ते काढून टाकावे. ज्याचे काम आहे त्याला ठरावीक साइटपुरतेच ठेवता येते, क्रोममध्ये २०१८ पासून ती सोय आहे.

एक गोष्ट आम्हाला खटकते. अनुमती देण्यास एक बोट पुरते. परत घेण्यासाठी तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, मग यादी, मग साइटचे नाव, एवढ्या पायऱ्या. २०२३ च्या आपल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात असे म्हटले आहे की, संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. ब्राउझरमधली परवानगी आणि त्या कायद्यातली संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण मोजमाप म्हणून ते वाक्य चांगले आहे. क्रोममध्ये 'सेफ्टी चेक' म्हणून एक सोय आहे. बरेच दिवस न वापरलेल्या साइटच्या परवानग्या ती आपण होऊन काढून घेते. ती चालू आहे की नाही एवढे पाहावे. तिच्यावर पूर्ण विसंबू मात्र नये.

अभ्यासिकेपुरते आम्ही असे ठरविले आहे: या संगणकावर प्रत्येकाने ब्राउझरमध्ये अतिथी म्हणूनच बसायचे. खिडकी बंद केली की त्या बैठकीतला इतिहास, कुकी, परवानग्या सारे पुसले जाते आणि पुढच्या मुलीला आधीच्या मुलाचे काही निस्तरावे लागत नाही. ज्या मुलीला वडिलांनी यायचे बंद केले होते ती पुन्हा येऊ लागली आहे. आम्ही त्यांच्या घरी जाऊन ती अकरा नावांची यादी दाखविली होती. मुलीने काही केले नव्हते, हे त्यांना यादीवरून पटले.

बोलणे लांबले, क्षमा असावी. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती बारावीतली मुलगी, जी आता कॉलेजात आहे, आणि आम्ही असे दोघे इथे बसणार आहोत. फोन घेऊन या, आयांना बरोबर आणा, चार्जरही आणा. प्रत्येकाच्या फोनवरची यादी उघडून आपण एकेक नाव वाचू. पासवर्ड आणि पिन मात्र कोणी आम्हाला सांगू नये, आम्ही विचारला तरी.